शंभरपैकी शंभर: रहस्यकथा, बायनॉमियल आणि न सुटलेला गुन्हा

‘सी.आय.डी.’ ही मालिका १९९८ साली सुरू झाली आणि २०१८पर्यंत तिचे दीड हजारांहून जास्त भाग झाले. एखादी केस दोन-तीन भाग चालायची, म्हणून आपण ढोबळमानाने हजार केसेस धरू. आता समजा, एसीपी प्रद्युम्न, अभिजीत आणि दया यांची टीम इतकी तरबेज आहे की कुठलीही केस सोडवण्याची त्यांची शक्यता ९९ टक्के आहे. शंभरात एखादीच हातून निसटणार. अशा टीमने हजारच्या हजार केसेस सोडवण्याची शक्यता किती? फोनमधला कॅल्क्युलेटर काढा, फोन आडवा धरा आणि ०.९९चा हजारावा घात करून बघा. उत्तर येतं साधारण २३ हजारांत एक. म्हणजे अशा २३ हजार तरबेज टीम्स वीस-वीस वर्षं राबल्या, तर त्यांतल्या जेमतेम एकीच्या प्रगतिपुस्तकात एकही लाल शेरा नसेल. आपल्याला मात्र हे रात्रीच्या जेवणाइतकं नेहमीचं वाटतं.

‘अगं, मालिका आहे ती, तिचा कसला हिशेब मांडतेस?’ असं कुणी म्हणेल. खरं आहे. सी.आय.डी. कुणी वास्तवासाठी बघत नाही. मीही बघायचे ती दया दरवाजा कधी तोडतो यासाठीच. शाळेत असताना वाचनालयातून बाबूराव अर्नाळकरांची पिवळी पडलेली पुस्तकं आणायचे. मग सुहास शिरवळकरांचे अमर विश्वास आणि फिरोज इराणी आले, अशोक जैनांनी मराठीत आणलेला फेलूदा आला, ॲगाथा ख्रिस्ती आली. तेव्हा हा लेख रहस्यकथेला नाकं मुरडणाऱ्या बाईचा नाही. पण मी बारावीच्या मुलांना गणित शिकवते, आणि दर वर्षी एक धडा आला की ही सगळी मंडळी माझ्या डोळ्यांपुढे येतात. मग प्रश्न पडतो: शंभरपैकी शंभर गुन्हे सुटतात याची सवय लागलेला वाचक खऱ्या गुन्ह्याकडे, खऱ्या पोलिसाकडे आणि मुख्य म्हणजे खऱ्या संशयिताकडे कसा बघतो?

तो धडा म्हणजे द्विपद वितरण. वर्गात सगळे बायनॉमियलच म्हणतात. सायन्सच्या गणिताच्या दुसऱ्या भागातला हा शेवटचा धडा, त्यामुळे बोर्डाच्या आधी घाईघाईत उरकला जाणारा. त्याचा गाभा सोपा आहे. एखादी गोष्ट तुम्ही ठरावीक वेळा करून बघता; त्या संख्येला म्हणू ‘एन’. दर वेळी निकाल दोनच: यश किंवा अपयश. दर वेळी यशाची शक्यता तीच. तिला म्हणू ‘पी’. आणि एका वेळच्या निकालाचा दुसऱ्या वेळच्या निकालावर परिणाम होत नाही. या चार अटी पाळल्या गेल्या, की किती वेळा यश येण्याची किती शक्यता आहे ते सूत्रात आकडे घालून काढता येतं. नाणं, फासा, खोक्यातले खराब बल्ब ही पुस्तकातली उदाहरणं. मी त्यांत एक भर घालते: पोलीस ठाणं.

समजा, एका ठाण्याच्या हद्दीत वर्षभरात वीस गंभीर गुन्हे घडले आणि प्रत्येक सुटण्याची शक्यता ०.८ आहे. हा आकडा अगदीच हवेतला नाही. एनसीआरबीच्या अलीकडच्या अहवालांत खुनाच्या दहापैकी साधारण आठ तपासांत दोषारोपपत्र दाखल झालेलं दिसतं. मुलं लगेच म्हणतात, ‘मॅडम, मग सोळा सुटणार.’ सरासरी सोळा, बरोबर. पण नेमके सोळा सुटण्याची शक्यता फक्त २२ टक्क्यांच्या आसपास. विसाच्या वीस सुटण्याची? १.१५ टक्के. अशा ठाण्यात सगळे गुन्हे सुटलेलं वर्ष सरासरी ८७ वर्षांतून एकदा उगवेल. एखादं ठाणं दर वर्षी शंभर टक्के सांगत असेल, तर टाळ्या वाजवण्याआधी हे ८७ आठवायला हवेत.

आता एकसारख्याच कुवतीची अशी शंभर ठाणी घ्या. तेवढेच हुशार अधिकारी, तेवढीच गाडी-घोडी, तेवढेच गुन्हे. निव्वळ योगायोगाने त्यांतली सातएक ठाणी १९ किंवा २० गुन्हे सोडवतील आणि नऊएक ठाणी १३ किंवा त्याहून कमी. वर्षअखेरीला आढावा बैठक होईल. सात निरीक्षकांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार होईल, नऊ जणांची कानउघाडणी होईल, एखाद्याची बदलीही. पुढच्या वर्षी सत्कारवाले आपसूक सरासरीकडे घसरतील, कानउघाडणीवाले वर चढतील, आणि साहेबांची खात्री पटेल की सत्काराने माणसं शेफारतात, दम दिला की सुधारतात. प्रत्यक्षात कुणीच बदललेलं नसेल. फासे फक्त दुसऱ्यांदा टाकले गेले असतील.

आता या चार अटी घेऊन कपाटातल्या पुस्तकांकडे वळू. रहस्यकथा त्या सगळ्या आपल्या सोयीने ठरवून घेते. वास्तवात त्या सगळ्या डळमळतात. आणि जिथे त्या डळमळतात तिथेच आपल्या वाचनाची कसोटी लागते, असं माझं म्हणणं आहे.

वॉटसनची पेटी

पहिली अट ‘एन’ची. एकूण गुन्हे किती?

शेरलॉक होम्सच्या ५६ कथा आणि ४ कादंबऱ्या आहेत, एकूण ६०. होम्सची शक्यता आपल्या ठाण्याइतकीच, ०.८ धरली, तर साठच्या साठ सुटण्याची शक्यता कोटीत पंधरा. होम्स अर्थातच ०.८चा माणूस नाही. पण कॉनन डॉयल वाचकाला फसवत नव्हता. ‘द फाइव्ह ऑरेंज पिप्स’ या कथेत होम्स स्वतःच सांगतो की आपण चार वेळा हरलोय, तीनदा पुरुषांकडून आणि एकदा एका बाईकडून. ‘द यलो फेस’मध्ये त्याचा सगळा तर्क सपशेल चुकतो. आणि १९२२ साली आलेल्या ‘थॉर ब्रिज’च्या सुरुवातीला वॉटसन एका पत्र्याच्या पेटीबद्दल सांगतो. लंडनमधल्या एका बँकेच्या तिजोरीत ठेवलेल्या या पेटीत होम्सच्या केसेसची कागदपत्रं आहेत. त्यांत पूर्ण फसलेल्या केसेसही आहेत. त्या मी सांगत नाही, असं वॉटसन म्हणतो, कारण शेवट नसलेल्या कोड्यात एखाद्या अभ्यासकाला रस वाटेल, सामान्य वाचक मात्र वैतागेल.

अख्ख्या रहस्यकथेचं गुपित वॉटसनने इथे सांगून टाकलंय. आपण वाचतो ते ६०, कारण न सुटलेल्या केसेस पेटीत आहेत. साठपैकी साठ हा होम्सच्या बुद्धीचा पुरावा जितका आहे, तितकाच वॉटसनच्या निवडीचा.

पत्र्याची पेटी खऱ्या ठाण्यांतही असते. काही वर्षांपूर्वी बाजाराच्या गर्दीत माझ्या पर्समधून फोन गेला. एका पोलीस ठाण्यात तक्रार द्यायला गेले, तर टेबलामागचे काका शांतपणे म्हणाले, ‘ताई, चोरीला गेला असं नका लिहू, गहाळ झाला असं लिहा. सिमकार्ड काढायला तेवढं पुरतं.’ त्यांचा आवाज प्रेमळ होता. एका शब्दाने चोरी नाहीशी झाली आणि मी वेंधळी ठरले. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१३ साली ललिता कुमारी खटल्यात स्पष्ट सांगितलं. तरी ‘गहाळ’ हा शब्द अजून किती तरी टेबलांवर आपली नोकरी इमानेइतबारे करतोय.

का, तेही गणितच सांगतं. पन्नास चोऱ्या झाल्या, दहा सुटल्या: २० टक्के. त्याच पन्नासांतल्या तीस ‘गहाळ’ केल्या, वीसच नोंदवल्या, सुटल्या त्याच दहा: ५० टक्के. एकही जास्तीचा चोर न पकडता कामगिरी अडीचपट. रहस्यकथेत वाचक वैतागू नये म्हणून पेटी बंद राहते, ठाण्यात साहेब वैतागू नये म्हणून.

बंद बंगला आणि चौदा गुन्हे

दुसरी अट: ‘पी’ सगळीकडे तोच. ॲगाथा ख्रिस्तीने या अटीवर राज्य केलं. बर्फात अडकलेली रेल्वे, वादळात तुटलेलं बेट, पाहुण्यांनी भरलेला बंगला. संशयित आठ-दहा, आणि गुन्हेगार त्यांच्यातलाच. बाहेरून कुणी येऊन खून करून पसार झाला, असं होणार नाही हे वाचकाला पहिल्या पानापासून माहीत असतं. इथे ‘पी’ एक असतो, तो पॉइरोच्या करड्या पेशींमुळे नाही, बंगल्याच्या भिंतींमुळे.

खऱ्या शहराला भिंती नसतात. नवऱ्याने बायकोचा केलेला खून आणि गर्दीत मारलेलं पाकीट यांची सरासरी काढून मिळणारा ‘पी’ म्हणजे हत्ती आणि उंदराची सरासरी काढून मिळणारा प्राणी. शिवाय मेलेलं माणूस कोण आहे यावरही ‘पी’ बदलतो. कुणासाठी पाच पथकं रवाना होतात, कुणासाठी ‘बेवारस’ एवढी नोंद. बायनॉमियल ही विषमता दाखवत नाही. ते फक्त एक ‘पी’ मागतं आणि आपण सरासरी काढून देऊन टाकतो.

तिसरी अट: प्रत्येक केस स्वतंत्र. इथे मला मराठी वर्तमानपत्रांचं आतलं पान आठवतं. ‘सराईत चोरटा जेरबंद, १४ गुन्हे उघडकीस.’ ही १४ नाणी वेगवेगळी उडवलेली नाहीत. एकच नाणं उडवलं आणि चौदा वेळा मोजलं. त्याने खरोखरच चौदा घरं फोडली असतील, तर उत्तमच. पण दुसरीही शक्यता आहे: माणूस हातात आलाच आहे, तर कपाटात पडलेल्या फायली त्याच्या नावावर लावून टाकू. बातमीवरून वाचकाला या दोन गोष्टींत फरक करता येत नाही. ठाण्याचा आलेख मात्र दोन्ही वेळा सारखाच उंचावतो.

‘सुटला’ म्हणजे काय?

चौथी अट सगळ्यात साधी दिसते: निकाल दोनच, यश किंवा अपयश. गुन्हा सुटला किंवा नाही सुटला.

पण सुटला म्हणजे काय? अमेरिकेत संशयिताला अटक करून त्याच्यावर आरोप ठेवले की आकडेवारीत केस निकाली निघते, पुढे कोर्टात काहीही होवो. तिथे १९६०च्या दशकाच्या मध्यावर खुनाच्या दहापैकी नऊ केसेस अशा निकाली निघत होत्या. २०२०नंतर हे प्रमाण निम्म्याच्या आसपास आलं. पहिला विचार मनात येतो, पोलीस बिघडले. असेलही. पण त्या जुन्या ९० टक्क्यांतले किती जण खरोखर गुन्हेगार होते, हे तो आकडा सांगू शकत नाही. आपल्याकडे खुनाच्या दहापैकी आठ तपासांत दोषारोपपत्र जातं, पण निकाल लागलेल्या खटल्यांत शिक्षा होण्याचं प्रमाण निम्म्याहूनही कमी आहे. मग ‘पी’ किती? पोलिसांना विचाराल तर एक उत्तर, कोर्टाला विचाराल तर दुसरं.

रहस्यकथेत हा घोळच नाही. तिथे गुन्हेगार शेवटच्या प्रकरणात सगळ्यांसमोर कबुली देतो, कधी तर थोडं कौतुकही करतो डिटेक्टिव्हचं. सुटलं म्हणजे खरंच सुटलं, याची हमी लेखक देतो. वास्तवात ही हमी देणारा कुणी नसतो. हा फरक किती भयंकर असू शकतो, ते मला एका कोरियन सिनेमाने आणि त्यामागच्या खऱ्या घटनेने दाखवलं.

बोंग जून-हो हे नाव तुम्हाला ‘पॅरासाइट’मुळे माहीत असेल. २००३ साली त्याने ‘मेमरीज ऑफ मर्डर’ केला. दक्षिण कोरियातल्या ह्वासोंग भागात १९८६ ते १९९१ या काळात दहा बायका-मुलींचे खून झाले, त्यावर तो आधारलाय. सिनेमातला गावचा डिटेक्टिव्ह समजतो की माणसाच्या डोळ्यांत बघून आपल्याला गुन्हेगार ओळखता येतो. तो आणि त्याचा सहकारी एका मतिमंद मुलाला मारून-मुटकून कबुली देणं पढवतात. सोलहून आलेला दुसरा डिटेक्टिव्ह कागदपत्रांवर विश्वास ठेवणारा, आणि तोही शेवटी हात उगारण्यापर्यंत येतो. गुन्हेगार सापडत नाही. शेवटी अनेक वर्षांनी तो पहिला डिटेक्टिव्ह थेट कॅमेऱ्यात, म्हणजे आपल्या डोळ्यांत बघतो आणि सिनेमा संपतो. मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा वाटलं, रहस्यपटाने धीर करून वॉटसनची पेटी उघडली.

खरी गोष्ट सिनेमाच्या पुढे गेली. वास्तवात दहापैकी एक खून, आठवा, ‘सुटला’ होता. १९८९ साली एका बावीस वर्षांच्या तरुणाला त्यासाठी पकडलं. पोलिओने त्याचा पाय अधू होता. त्याने कबुली दिली, त्याला जन्मठेप झाली, वीसेक वर्षं तुरुंगात काढून तो २००९ साली बाहेर आला. मारून आणि झोपू न देऊन आपल्याकडून कबुली घेतली, असं तो सांगत राहिला. मग २०१९ साली न सुटलेल्या खुनांपैकी तीन प्रकरणांत जपून ठेवलेल्या वस्तूंवरचा डीएनए तपासला गेला आणि तो दुसऱ्याच एका खुनासाठी आधीपासून तुरुंगात असलेल्या माणसाशी जुळला. त्याने दहाही खून आपणच केल्याचं सांगितलं, आठवासुद्धा. २०२० साली फेरखटल्यात तो अधू पायाचा माणूस निर्दोष सुटला.

हिशेब मांडा. दहापैकी एक सुटलेला, नऊ न सुटलेले. बायनॉमियलच्या वहीत एक यश, नऊ अपयशं. आणि ते एकच यश खोटं निघालं. खरा गुन्हेगार सापडला तो न सुटलेल्या केसेसमुळे, कारण त्यांच्या फायली उघड्या होत्या, वस्तू जपलेल्या होत्या. न सुटलेल्या गुन्ह्याचा ‘पी’ अजून जिवंत असतो, मग तो कितीही लहान असो. खोटा ‘सुटलेला’ गुन्हा मात्र त्याच क्षणी शून्य होतो, कारण खऱ्या माणसाला शोधणंच थांबतं.

पोपटासारखा

आपल्या बातम्यांची भाषा बघा. ‘पोलिसी खाक्या दाखवताच तो पोपटासारखा बोलू लागला.’ हे वाक्य आपण इतक्या वेळा वाचलंय की त्यातला खाक्या म्हणजे काय, हे डोळ्यांपुढे येतच नाही. पोपट शिकवलेलं बोलतो, हेही लक्षात येत नाही. कायद्याला मात्र ते केव्हाच कळलं होतं. १८७२च्या पुरावा कायद्यापासून पोलिसांसमोर दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही आणि आताच्या भारतीय साक्ष अधिनियमातही ती तरतूद आहे. दीडशे वर्षं कायदा जो संशय धरून आहे, तो आपल्या मालिकांनी एका थपडेत उडवला. दयाचा हात उठला की संशयित खरं बोलतो, आणि खरंच बोलतो.

या गोष्टीची दुसरी बाजू मराठी साहित्यात लिहिली गेली आहे, फक्त आपण तिला रहस्यकथेच्या कपाटात ठेवत नाही. लक्ष्मण गायकवाडांचं ‘उचल्या’ १९८७ साली आलं, पुढच्या वर्षी त्याला साहित्य अकादमी मिळालं. ब्रिटिशांनी ज्या जमातींना कायद्यानेच गुन्हेगार ठरवलं होतं, त्यांच्यातल्या एका घरातलं हे आत्मकथन. ते दलित-भटक्यांचं साहित्य म्हणून वाचलं जातं आणि ते योग्यच आहे. पण मला ते उलट्या टोकाने लिहिलेली डिटेक्टिव्ह कथा म्हणूनही वाचावंसं वाटतं. तुमच्या कथेत चोरी होते, पोलीस निघतात, प्रकरण संपतं. गायकवाडांच्या गोष्टीत पोलीस येतात ते या घरात. कुठेतरी एक फाइल बंद व्हायची असते आणि त्यासाठी इथल्या माणसांची पाठ सोलली जाते. अर्नाळकरांच्या हजाराहून जास्त पुस्तकांच्या शेजारी हे एक पुस्तक ठेवलं, की शंभरपैकी शंभर या आकड्याला वास येऊ लागतो.

हा भूतकाळ नाही. महाराष्ट्रात २००३ साली एका कुटुंबातल्या पाच जणांचा निर्घृण खून झाला. भटक्या जमातीतल्या सहा जणांना पकडलं. २००६ साली सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने तिघांची फाशी जन्मठेपेवर आणली, पण २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशीच दिली. केस सुटली, एकदा नाही, तीन पायऱ्यांवर सुटली. मग ५ मार्च २०१९ला त्याच सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडलं. वाचलेल्या साक्षीदार बाईंनी सुरुवातीला पोलिसांच्या फोटोंतून वेगळ्याच चौघांना ओळखलं होतं. त्यांचा तपास झालाच नाही. हे सहा जण गरीब, भटके होते, आणि अशा प्रकरणांत निर्दोष माणसं गोवली जातात, याची दखलही न्यायालयाने घेतली. प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं. सोळा वर्षांचे पाच लाख. आणि ते पाच खून कुणी केले?

वचन

आता स्वित्झर्लंडमध्ये जायचंय, कारण जे मी इतका वेळ आकड्यांत सांगतेय ते एका कादंबरीने १९५८ सालीच सांगून ठेवलंय. ज्यांना शेवट कळलेला चालत नाही त्यांनी पुढचे दोन परिच्छेद गाळावेत.

फ्रीडरिश ड्यूरेनमाटची ही छोटी जर्मन कादंबरी, नावाचा अर्थ ‘वचन’. उपशीर्षकातच तिने डिटेक्टिव्ह कादंबरीची शोकप्रार्थना म्हटलीये. आधी त्याने याच कथेची चित्रपटासाठी पटकथा लिहिली होती, तिच्यात गुन्हेगार पकडला जातो. मग त्याने कादंबरी लिहिली आणि शेवट बदलला. सुरुवातीला एक निवृत्त पोलीसप्रमुख एका रहस्यकथालेखकाला सुनावतो: तुमच्या गोष्टींत सगळं बुद्धिबळासारखं चालतं, योगायोगाला तुम्ही जागाच ठेवत नाही. मग तो मात्थेई या अधिकाऱ्याची गोष्ट सांगतो. एका लहान मुलीचा खून होतो. मात्थेई तिच्या आईला शपथेवर वचन देतो की खुनी मी शोधेन. संशय जातो तो प्रेत सापडल्याची खबर देणाऱ्यावर, एका फेरीवाल्यावर. (उचल्या असो, भटका असो, फेरीवाला असो, प्रत्येक देशात दारोदार फिरणारा एक माणूस या कामासाठी तयार असतोच.) तासन् तास उलटतपासणी होते, तो कबूल करतो आणि कोठडीत गळफास घेतो. केस सुटली. मात्थेईला मात्र ते पटत नाही.

तो मुलीच्या चित्रावरून तर्क करतो, खुनी कुठल्या रस्त्याने येतो ते ठरवतो, त्या रस्त्यावर पेट्रोल पंप घेतो आणि तशाच दिसणाऱ्या एका मुलीला तिच्या नकळत आमिष म्हणून ठेवून वाट बघतो. खुनी येत नाही. वर्षं जातात. मात्थेई दारूत बुडतो, वाट बघतच राहतो. खूप नंतर एका मरणपंथाला लागलेल्या बाईच्या बोलण्यातून कळतं, की त्याचा तर्क शब्दशः बरोबर होता. खुनी निघालाही होता. वाटेत गाडीच्या अपघातात मेला.

मला ही कादंबरी थोर वाटते, कारण ती मात्थेईला मूर्ख ठरवत नाही. त्याचा ‘पी’ खूप मोठा होता. फक्त तो एक नव्हता. आणि जो ‘पी’ एकापेक्षा कमी आहे, त्यावर वचन देता येत नाही. प्रयत्नाचं देता येतं, निकालाचं नाही. एकदा निकालाचं वचन दिलं, की ते पाळण्यासाठी माणूस एका लेकराला आमिष करायलाही तयार होतो. प्रत्येक मोठ्या गुन्ह्यानंतर कॅमेऱ्यासमोर कुणी ना कुणी उभं राहतं आणि सांगतं, चोवीस तासांत गुन्हेगार गजाआड असेल. ते मात्थेईचंच वचन असतं. त्याची किंमत कोण मोजणार, हे कॅमेऱ्यात दिसत नाही. आणि आपण, शंभरपैकी शंभरवर वाढलेले वाचक-प्रेक्षक, घड्याळ लावून बसतो. पंचविसाव्या तासाला आपणच विचारतो, पोलीस झोपलेत का?

बायनॉमियलवरही आक्षेप घेता येतो आणि तो रास्त आहे. ज्या आईची मुलगी गेली तिच्यासाठी ‘एन’ एकच असतो. तिला ‘ताई, पाचात एक केस सुटत नाहीच’ असं सांगणं हा निर्दयपणा आहे. गणित तिच्या दुःखाला उत्तर नाही. पण चुकीचा माणूस हाही तिच्या दुःखाला उत्तर नाही. तिला तो उत्तर म्हणून दिला जातो, एवढंच.

महाराष्ट्र पोलिसांच्या व्यवहारात ‘अ समरी’ नावाची एक गोष्ट आहे. तपास करूनही आरोपी सापडला नाही, की कोर्टाला तसा अहवाल जातो. त्याचा अर्थ: गुन्हा खरा आहे, गुन्हेगार मिळालेला नाही. नवा पुरावा आला तर तपास पुन्हा सुरू होऊ शकतो. ठाण्याच्या आलेखात ही समरी म्हणजे अपयश. पण ती प्रामाणिकपणे, खरंच राबून लिहिलेली असेल, तर मला ती व्यवस्थेतल्या सर्वांत सभ्य कागदांपैकी एक वाटते. ती तक्रारदाराला वेंधळं ठरवत नाही आणि कुणा भटक्याच्या पाठीवर उत्तर लिहीत नाही.

अशा कागदावर संपणारी मराठी रहस्यकथा मला वाचायची आहे. तिच्यात हुशार निरीक्षक असावा, तपास अटीतटीचा असावा, रात्र जागून पानं उलटावीत. शेवटच्या पानावर त्याच्यासमोर दोन गोष्टी असाव्यात: कोठडीतला एक सोयीचा माणूस आणि समरीचा कोरा कागद. आणि वाचताना माझ्या लक्षात यावं, की त्याने काय निवडावं याबद्दल मलाही थोडी घाई झालेली आहे.